नुसतं एंटर दाबलं तर

कुमुदताई गेल्याचं तिच्या भाचीनं इंदूरच्या राजेंद्र नगरातून फोन करून सांगितलं, तेव्हा मी कुकर लावत होते. गॅस बंद केला आणि तशीच ओट्याला टेकून उभी राहिले... रडू आलं ते नंतर. त्याला महिना उलटून गेला. शोकसभेत आमचे जुने साहेब बोलले, "हुशार होत्या, पण फार हट्टी." माझं डोकं तिथे जे फिरलं, ते अजून ठिकाणावर आलेलं नाही.

हट्ट कसला होता ते सांगते. इंदूरच्या एका कापड गिरणीच्या कॉम्प्युटर विभागात ती प्रोग्राम लिहायची आणि मी तिच्या हाताखाली शिकत होते. माऊस वगैरे काही नव्हतं. काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायचा, पुढे हवी ती सूचना जोडायची आणि एंटर. सूचना जोडलीच नाही, तर प्रोग्रामनं आपण होऊन काय करायचं, ते लिहिणाऱ्यानं आधीच ठरवलेलं असतं. त्याला डिफॉल्ट म्हणतात, आणि कुमुदताईचा सगळा जीव त्यात. "घाईत माणूस नुसतं एंटर दाबतो गं," ती म्हणायची, "तेव्हा कुणाचं वाटोळं होता कामा नये."

शहरातल्या गिरण्या एकेक करून बंद पडत होत्या आणि उदारीकरणाचे गोडवे गायले जात होते. आमच्याकडे कामगारांना विचारलं गेलं, स्वखुशीनं नोकरी सोडता का? काही हो म्हणाले, काही नाही. पुष्कळ जण गप्प राहिले. हजेरीपटावरून नावं काढायचा प्रोग्राम कुमुदताईनं लिहिला. नुसतं एंटर दाबलं तर तो फक्त नावं दाखवी, कशालाही हात लावत नसे. काढायचीच तर पूर्ण सूचना लिहावी लागे, आणि तरीही 'हो' म्हणणाऱ्यांचीच नावं जात. साहेब वैतागले. "कुमुदजी, इतना टाइप कोण करत बसेल? सीधा एंटर मारा, काम खतम. जो कुछ नहीं बोला, त्याची हाँ समजा ना!"

"तो गप्प आहे सर, हो म्हणालेला नाही. मी नाही बदलणार."

साहेबांनी बाहेरच्या माणसाकडून बदलून घेतलं. थोड्याच दिवसांत कुणीतरी यादी बघायला म्हणून एंटर दाबलं... आणि सकाळी विणकाम खात्यातली माणसं फाटकावर अडवली गेली. हातात डबा घेतलेला एक जण आम्हाला विचारत होता, "मैंने तो कुछ बोला ही नहीं था, मॅडमजी. मेरा नाम कैसे गया?" साहेब म्हणाले, "कॉम्प्युटर से हो गया, भिया." तेव्हा कुमुदताई सगळ्यांसमोर ओरडली, "कॉम्प्युटरनं नाही, तुम्ही केलंत!" साहेबांना न विचारता तिनं, आधीची यादी जपून ठेवलेल्या जुन्या टेपवरून नावं परत चढवली. नावं राहिली, तिची नोकरी गेली. पुढे गिरणीही गेली, हे खरं. पण ती माणसं आपल्या खुशीनं निघून गेली, असं कुणाला म्हणता आलं नाही.

परवा साहेबांचा मेसेज आला. जुन्या अधिकाऱ्यांच्या स्मरणिकेत ते कुमुदताईवर लिहिताहेत, आणि तो प्रोग्राम म्हणे तिनं त्यांच्या मार्गदर्शनाखाली केला! शेवटी एक ओळ: तुमच्याकडून काही आलं नाही तर संमती समजतो.

साहेब, तुम्ही अजून तेच करताय? गेलेल्या बाईचीसुद्धा हाँ तुम्हीच धरणार? मेसेजला मी उत्तर दिलं नाही, ते इथे देतेय, कारण ते चारचौघांनी वाचायला हवं. संमती नाही.