नववं पान

सरकारी छापखान्याच्या बांधणी खात्यात तिला सगळे दाभणमावशी म्हणत. एकतीस वर्षं तिने कायदे शिवले, वाचला एकही नाही. म्हणायची, "शिवताना वाचलं की टाका वाकडा जातो."

त्या वर्षी घटनादुरुस्ती आली. आधी खालच्या सभागृहासाठी प्रती शिवल्या. तिथे दोन तृतीयांश मतं पडली. मग वरच्या सभागृहासाठी, तिथेही तेच. मग प्रत्येक राज्याकडे प्रती गेल्या, कारण निम्म्याहून जास्त राज्यांचा होकार लागत होता. तो यायला दहा महिने लागले. उरली एकच प्रत, राष्ट्राध्यक्षांच्या सहीची. चौदा जाड पानं, एका बाजूला छपाई, डाव्या कडेला पाच भोकं, मेण लावलेला दोरा.

खात्याचा एक नियम होता. खराब पानाचा वरचा कोपरा फाडायचा आणि पान रद्दीच्या पेटीत टाकायचं. याला कान फाडणं म्हणत. कान शाबूत, ते पान चांगलं.

दुपारी दोनला प्रत गेली. सही चारला होती. तीनच्या सुमारास मावशीने टेबल पुसायला पानं दाबायची फळी उचलली. खाली एक पान. क्रमांक नऊ. कान शाबूत.

पान घेऊन ती फोरमनकडे गेली.

"मोजली होतीस ना?"

"दोनदा. चौदा भरली."

"मग हे जास्तीचं असेल. उगाच घाबरतेस."

ती वळली आणि तिथेच थांबली. सकाळी आठवं पान शाईने डागाळलं होतं. मशीनवाल्याने दुसरं काढून दिलं. खराब पानाचा कान ती फाडणार, तेवढ्यात फोरमन ओरडला होता, "दोनला गाडी येतेय, आटपा!" पान तसंच गठ्ठ्यात राहिलं. तिच्या अंगठ्याने पानं मोजली. आकडे कोणी बघितले? कोणीच नाही.

"साहेब, आठवं दोनदा गेलंय. नववं इथे आहे."

फोरमन खाली बसला. "सही झाल्यावर त्या प्रतीला कोणी हात लावू शकत नाही. सभागृहांनी मंजूर केलं एक आणि सही दुसऱ्याच कागदावर, असं होईल. मग कोर्ट. कदाचित सगळं पहिल्यापासून."

"मग राष्ट्राध्यक्षांच्या सचिवांना फोन लावा."

त्याने लावला. लाइन लागेना. मग हळू आवाजात म्हणाला, "हे बघ, तुझी निवृत्ती आठ महिन्यांवर आली आहे. ते पान मी बघितलेलं नाही."

इकडे आड, तिकडे विहीर. बोललं तर नोकरी, न बोललं तर हे पान जन्मभर उशाखाली. मावशीने पान दोन पुठ्ठ्यांत घातलं, दाभण, सुई आणि दोरा पिशवीत टाकला आणि राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीकडे निघाली. अंतर अर्ध्या तासाचं. दुखऱ्या गुडघ्याने तिने ते वीस मिनिटांत कापलं.

फाटकावरच्या शिपायाने पिशवीत हात घातला. "मावशी, हे हत्यार घेऊन कोणावर चाललात?"

"माझ्याच टाक्यावर. सचिवांना बोलाव बाबा, सही थांबव!"

तिचा चेहरा बघून त्याने थट्टा आवरली.

सचिवांनी प्रत उघडली. सहा, सात, आठ, आठ, दहा. त्यांचाही रंग उडाला.

"पंधरा मिनिटं आहेत," ते म्हणाले. "जमेल?"

"खिडकीजवळ टेबल द्या. आणि कोणी माझ्याशी बोलू नका."

दोरा तिसऱ्या प्रयत्नात ओवला गेला, असं तिचं आयुष्यात कधी झालं नव्हतं. तिने टाके उसवले, डागाळलेलं आठवं काढलं, नवव्याला इतर पानांच्या भोकांशी जुळवून भोकं पाडली. शिवण्याआधी खालचे आकडे मोठ्याने वाचले, एक ते चौदा. सचिव बोट ठेवून बघत होते. मग पाच टाके, एक गाठ. शेवटी डागाळलेल्या पानाचा कान सर्वांसमोर फाडला.

"तुमचं नाव कळवावं लागेल," सचिव म्हणाले.

"कळवा. चूक माझीच आहे."

चारला सही झाली. सचिवांचं पत्र कधी येईल, त्यात काय असेल, तिला ठाऊक नव्हतं. संध्याकाळी नवऱ्याने विचारलं, "काय गं, आज काय शिवलंस?"

"सकाळचंच," ती म्हणाली आणि ताट पुढे ओढलं.