नांदगावची वांझ कपाशी

द्वारका चौकात नांदगावची एसटी मिळाली आणि माझ्या संशोधनाच्या मार्गदर्शक सरांचा फोन आला. "ती वांझ झाडं आज उपटूनच या." मी "बघते" म्हटलं.

चांदवडच्या पुढे द्राक्षबागा विरळ झाल्या. शेजारच्या आजोबांनी विचारलं, "कोनाकडं निघाल्या?"

"माझ्या कपाशीकडे."

"बोंडं लागली का?"

"एकही नाही."

"मंग भाडं कशाला घालवता?"

त्यांना सांगितलं: गावठी कापसात सव्वीस गुणसूत्रं, अमेरिकनमध्ये बावन्न. गावठी काटक, अमेरिकनचा धागा लांब. मला दोन्ही हवं. पण संकरात येतात एकोणचाळीस. पराग तयार होताना गुणसूत्रं जोड्या लावतात, आणि तेरा बिनजोडीची राहतात. फुलं येतात, बी धरत नाही. क्वचित एखाद्या फुलात मात्र सगळी गुणसूत्रं एकत्रच पुढे जातात आणि बी भरतं. त्या एका बियासाठी माझा हट्ट. आजोबा म्हणाले, "लय अवघड सोयरीक!" आणि डुलक्या घेऊ लागले.

कमलबाईंच्या शेतात माझा प्लॉट आहे. त्यांनी आधी कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) आणि ठेचा पुढे केला. ठेच्याने डोळ्यांत पाणी आलं, तरी दुसरी भाकरी घेतलीच. खाता खाता सरांचं झाडं उपटायचं फर्मानही त्यांना सांगितलं.

मग रानात शिरलो. कमलबाई वर्षानुवर्षं बियाण्याच्या प्लॉटवर परागीकरण करतात. तिथला कायदा असा की हाताने पराग लावलेल्या फुलाला दोरा बांधायचा. बिनदोऱ्याचं बोंड संकराचं नसतं, ते तोडून फेकायचं. बोलता बोलता त्यांचा हात एका झाडाकडे गेला आणि कट्कन आवाज झाला.

"थांबा!" मी ओरडले. उशीर झाला होता. माझ्या वांझ झाडावर मधमाशीच्या कृपेने लागलेलं एकुलतं एक हिरवं बोंड त्यांच्या हातात होतं.

"दोरा नव्हता ना, ताई," त्या पुटपुटल्या.

बोंड फोडलं. सगळ्या बिया पोकळ, फक्त एक टपोरी. बोट लागताच तीही फुटली, आत दूध; भरलेली, पण अजून कच्ची. मला रडू आलं, आणि रागही. कमलबाई मात्र कमरेला पदर खोचून म्हणाल्या, "एक लागलं म्हनजे दुसरं बी लागंल. माझ्या रानातली झाडं कोन उपटतंय, बघतेच मी!"

परतीच्या गाडीत सरांचा पुन्हा फोन आला.

"उपटली?"

"नाही."

"बोंड आहे एखादं?"

"होतं. आता नाही."

"मग तिथे ठेवलंय काय?"

झाडांना वांझ म्हणावं, तर एकदा भरलेलं बी मी डोळ्यांनी पाहिलं होतं. "झाडं ठेवली आहेत, सर," मी म्हटलं. "उद्या सकाळी कमलबाई पुन्हा पराग लावणार आहेत."