शेठच्या देवाचा हार

“मी हिले ओळखत नाही.”

शेठ असं बोलला तेव्हा मी त्याच्या दुकानाच्या पायरीखालीच बसली होती. मांडीवर अर्धा हार, हातात सुई. अमरावतीच्या बाजारात याच जागी अठरा वर्षांपासून मी फुलं विकून राहिली. रोजचा पहिला हार शेठच्या देवाले, फुकट. दुकानासमोर बसू देते म्हणून. माही सासू द्यायची, तिच्यामागं मी देत आली.

विचारणारा बँकेचा तपासणीवाला होता. मोबाईलवर फोटो काढून राहिला होता. टोपलीचा, माहा. “धंदा खरंच इथं आहे का, शेजाऱ्याला विचारावं लागतं,” तो म्हणे. शेठनं गल्ल्यावरून मान वर केली नाही. “फुटपाथवर कोण बसते, कोण उठते, मी कावून ध्यान ठेवू? असल्या लोकांले घरासाठी लोन देता तुमी?”

दोन गिऱ्हाईकं हासली. त्यातली एक बाई रोज माह्याजवळून गजरा घेते. मले राग नाई आला. काहीच नाई आलं. बोटं चालूच होती. मंग पाहिलं, तं वीतभर शेवंती उलटी ओवली होती.

दीड महिन्याआधी बँकेचा कागद आला होता. पोरीनं वाचला. ‘तत्त्वतः मंजूर.’ आमी ऐकलं फक्त ‘मंजूर.’ मोहल्ल्यात पेढे वाटले. गळ्यातली सोन्याची पोत मोडून दोन खोल्यांच्या घराचा इसार देऊन टाकला. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, हे अंतिम नाही. आमी जे सांगतलं ते त्यांनी तोवर खरं धरलं होतं, एवढाच त्याचा अर्थ. खरी तपासणी मंगच सुरू झाली. खात्यात पैसे कसे येतात. जुनं कर्ज थकलं का. घराचे कागद वकील पाहणार, घराची किंमत इंजिनिअर ठरवणार. आन् शेजाऱ्याले विचारणार. कोठंही अडलं का लोन गेलं, इसारही बुडाला. हे समजलं तोवर पेढे पचले होते.

फाईल करून देणारा एजंट म्हणे, “मावशी, शेठचे पाय धर. त्याचा एक शब्द पुरे.”

दुसऱ्या दिवशी गेली. एका हातात पेढ्याचा डबा, एका हातात हार. लाज वाटत होती का, तेही समजत नव्हतं. शेठ म्हणे, “आली का अक्कल? ठेव तिथं. सांगून पाहीन. पण तुमच्यासारख्यांनी घराच्या भानगडीत पडू नये.”

मी डबा ठेवला होता. तो उचलला. हार टोपलीत परत टाकला.

“शेठ, हाराचे चाळीस रुपये.”

त्याले गंमत वाटली. “आज नवीनच काय?”

“तुमी मले ओळखत नाही. वळखीबिगर फुकट कसा देऊ?”

मी खाली येऊन जागेवर बसली.

महापालिकेचा माणूस रोज जागेची पावती फाडते. सासूची सवय होती, फुलाच्या सुईनंच पावती दोऱ्यात ओवायची अन् खुंटीले टांगायची. म्याही तेच केलं. त्या दिवशी घरी जाऊन साऱ्या माळा उतरवल्या. पिवळ्या पडलेल्या, काही उंदरानं कुरतडलेल्या. हातात घेतल्या तेव्हा डोक्यात उजेड पडला. जागा महापालिकेची. पैसे माहे. मंग शेठ मले कोणत्या जागेवर बसू देत होता? इतकी वर्षं मी हार कायले दिले? तेव्हा कुठं रडू आलं. रागाचं होतं.

त्याच टोपलीत माळा भरून बँकेत नेल्या. साहेबाच्या टेबलावर ठेवल्या. “शेजाऱ्याले नका विचारू. हे पाहा.” साहेबानं पाच-सहा पावत्या पाहिल्या. म्हणे, “फाईलला लावतो.”

अजून उत्तर नाही. घराचे कागद वकिलाकडं हायेत. लोन होईल का नाही, मले माईत नाही. इसार बुडाला तं पोत गेली, ते दुखनच.

बसते मी त्याच पायरीखाली. शेठच्या देवावरचा जुना हार सुकून काळा पडला. शेठ पाहते. ऊठ म्हणाला तं पावती दाखवीन, उठणार नाही. हार पाहिजे असन तं चाळीस रुपये घेऊन पायऱ्या उतराव्या त्यानं. पहिला हार आता मी विकते.