उचलून नेता येणारं घर

कुवेतमधल्या सगळ्यात श्रीमंत माणसाबद्दल सांगतो म्हटलं की तुम्ही सरसावून बसणार. तेलाच्या विहिरी, सोन्याचे नळ, पांढराशुभ्र झगा, झालंच तर मनगटावर ससाणा. काढा ते डोक्यातून. तो माणूस रुमैथियात आमच्या शेजारच्या बंगल्यात ड्रायव्हर होता, पायात निळ्या स्लीपर घालायचा, आणि त्याच्यावर मी जेवढा जळलो तेवढा आयुष्यात कुणावर जळलो नाही. जावा बेटावर कुठल्याशा डोंगराखाली त्याचं गाव होतं. मी नकाशात शोधलं, सापडलं नाही. पण नकाशात नसलेल्या त्या गावात त्याची भाताची खाचरं होती, नारळ होते, फणस होते, घरामागच्या तळ्यात मासे होते. आणि माझ्या बापाची, नकाशात ठळक अक्षरात असलेल्या तालुक्याच्या गावी, भाड्याची दीड खोली होती.

तो येण्याआधी शुक्रवारी जेवणं झाली की आमच्या खोलीचा हिरो मी असायचो. आम्ही काही एसी दुरुस्तीवाले आणि काही कोकणातले सुतार, बंगल्यामागच्या खोलीत दाटीवाटीने राहायचो. आमचा मुदीर, म्हणजे साहेब, सही करताना नाक कसं वर ओढतो, बकालेवाला, म्हणजे कोपऱ्यावरचा वाणी, सुट्टे नसले की च्युइंगम कसा पुढे सरकवतो, असे आवाज मी काढायचो आणि लोक गाद्यांवर लोळायचे. एका शुक्रवारी हा मीठ मागायला आला, दारात उकिडवा बसला आणि हिंदी-अरबीच्या खिचडीत गावाचं सांगायला लागला. झालं, माझं दुकान बंद. जमीन आईची, त्या जमिनीवरचा नारळ मेहुणीचा, नारळाखालची कोंबडी धाकट्या भावाची, आणि एकही माणूस कोर्टात गेलेला नाही. आमच्यातले वयाने मोठे तात्या सुतार, कणकवलीकडचे, चुलतभावाशी घरासमोरच्या एका पायरीवरून वर्षानुवर्षं भांडत होते. ते गादीवरून पुढे सरकले.

"आणि झगडा होयत नाय?" तात्यांनी विचारलं.

"होता है ना. फिर चाय पीता है, फिर होता है," तो म्हणाला.

त्याला वेड होतं शेताचं. कुवेतात शेत नाही म्हणून त्याचं काही अडलं नाही. एकदा मी त्याच्या गाडीतून जहराला गेलो, तर रस्ताभर बाहेरच्या वाळवंटाकडे बोट दाखवून हा मला पाट कुठून काढायचा ते समजावत होता. फिंतासला समुद्रावर गेलो, तर समुद्र एवढा मोठा आणि सगळा खारट, कुणाच्या कामाचा नाही, म्हणून बिचारा हळहळला. शेवटी त्याने बंगल्यामागे कपडे धुवायचा फुटका टब ठेवला, त्यात चिखल केला, एसीतून ठिबकणारं पाणी पाइपने त्यात सोडलं आणि भात लावला. एसी मी दुरुस्त करायचा, पाणी माझ्या कामाचं, आणि पीक याचं. कापणीच्या दिवशी आम्ही सगळे बघायला उभे. त्याने ब्लेडचा तुकडा तळहातात लपवला आणि एकेक लोंबी हळूच कापली. त्याची आई अशीच कापायची म्हणे, भाताला पातं दिसलं तर भात घाबरतो.

"भात कसो घाबरतलो?" तात्या म्हणाले.

"चाकू देखके तुम नहीं डरता?"

वाटीभर तांदूळसुद्धा निघाला नाही, पण तो त्याने सगळ्यांना चिमूट चिमूट वाटला. दाणे तोंडात टाकतानाही मी जळत होतो.

मग सूड म्हणून मी त्याचाच आवाज बसवला. उकिडवं बसायचं, हनुवटी गुडघ्यावर ठेवायची, "मेरा गाँव, भाई…" लोक हसले, आणि सगळ्यात जास्त हाच हसला. वर मला शिकवणी. "'मेरा गाँव' बोलके थोड़ा रुकने का. याद आता है ना, इसलिए." नकलेची एवढी मजा घेणाऱ्या माणसाचं काय वाकडं करणार, राव?

पुढे त्याच्या घराचं निघालं. घर त्याच्या वडिलांनी बांधलेलं, सागवानी खांबांचं, पण खालची जमीन त्याच्या बायकोच्या भावाची. त्या भावाला आता मुलाचं लग्न करायचं होतं, जागा हवी होती. आम्ही म्हटलं, संपलं, आता याच्याही पायरीचा खटला सुरू. तर हा म्हणतो, काही नाही, घर उचलून आपल्या खाचराशेजारी नेणार. गावातले पुरुष जमतात, कौलं उतरवतात, खांबांना बांबू बांधून अख्खं घर खांद्यावर घेतात. मोजणी मात्र घरमालकाने द्यायची: सिजी, लोरो, तेलू, म्हणजे एक, दोन, तीन. सगळी पावलं एकदम पडायला हवीत, नाहीतर खांब पिळवटतात आणि घर फाटतं. तात्या छताकडे बघत म्हणाले, "आमच्यात घर हलणा नाय. सख्खे भाव हलतत."

याला रजा मिळाली नाही. कफील, म्हणजे ज्याच्या व्हिसावर हा आलेला तो मालक, म्हणाला, रमजाननंतर बघू. पण मेव्हणा थांबायला तयार नव्हता, आणि चांगला दिवस गावातल्या म्हाताऱ्याने काढून दिला होता तो शुक्रवारचा, तोही दुपारच्या नमाजाच्या आतला. म्हणून ठरलं, मोजणी फोनवरून. इकडे सकाळ नुकती उजाडलेली. आमच्या खोलीत उपड्या पातेल्यावर मोबाइल ठेवला, स्पीकर लावला. हा ठेवणीतला नक्षीचा शर्ट घालून, काळी टोपी चढवून आलेला.

"अरे, फोनवर कोण बघतंय तुला?" मी विचारलं.

"घर देखता है," तो म्हणाला.

फोनमधून कोंबड्या, पोरं, बायकांची गडबड, सगळं ऐकू येत होतं. मग तिकडे शांत झालं. पुरुष बांबूखाली खांदे लावून थांबले होते. इतक्यात खांब दगडावरून सुटल्याचा कर्रर्र आवाज आला आणि याचा चेहराच बदलला. "सिजी" म्हणाला, आणि पुढे आवाजच फुटेना. तोंड उघडं, डोळे भरलेले, आणि तिकडे अख्खं घर माणसांच्या खांद्यावर थरथरतंय. कुणीतरी तिकडून ओरडून विचारू लागलं.

तात्यांनी माझ्या पाठीत गुद्दा घातला. "मेल्या, बघतस काय? काढ त्येचो आवाज."

मी उकिडवा बसलो, हनुवटी गुडघ्यावर ठेवली आणि ओरडलो, "सिजी… लोरो… तेलू!" तिकडे एकदम हुंकार उठला आणि पावलं वाजली. पुन्हा सिजी, लोरो, तेलू. वळण आलं, बांध आला, कुठे कुत्रं मध्ये आलं, मी मोजतोच आहे. त्याने माझं मनगट घट्ट धरून ठेवलेलं. मी कुवेतात चटईवर बसून दुसऱ्याचं घर नेत होतो, आणि खरं सांगतो, तेव्हाही जळत होतो. आमच्या दीड खोलीत घरमालक साधा खिळा ठोकू द्यायचा नाही. शेवटी धप्प आवाज झाला, तिकडे आरोळी उठली, आणि आमचे तात्या कुणाचं लक्ष नाही असं बघून टॉवेलने तोंड पुसायला लागले.

मग त्याची बायको फोनवर आली. मला वाटलं, आभार मानणार. मी केसबीस नीट केले. तिने पहिलं वाक्य त्याला उद्देशून टाकलं, त्याने माझ्याकडे बोट केलं, जसं काही तिला दिसणार होतं, आणि मग जे सुरू झालं ते माझ्यासाठी होतं. भाषा कळत नव्हती, पण झाडणं कळतं. मध्ये श्वास नाही. मी नुसता "हां, हां" करत होतो. पलीकडे हसण्याचे आवाज यायचे, ती त्यांनाही गप्प करायची आणि परत माझ्यावर यायची. मला असं समुद्रापलीकडून रागावणारं कुणी नव्हतं. घरी फोन केला की वडील 'सगळं ठीक ना' विचारून ठेवून द्यायचे.

ती थांबली तेव्हा मी त्याला विचारलं, काय म्हणाली?

तो टोपी हातात फिरवत सांगू लागला. "बोलती है, शरम नहीं आता? सुबह खाली पेट चिल्लाता है, तुम्हारा माँ नहीं क्या?"

"आणखी?"

"बोलती है, पहला 'लोरो' में मालूम हो गया, ये मेरा आदमी नहीं."

"कसं काय? एवढा हुबेहूब काढला की."

"बोलती है, आवाज वही है. लेकिन उसका आवाज इतना खुश कभी नहीं होता, जब से उधर गया." तो थोडा थांबला. "बोलती है, फिर भी मैं सुनती रही, पूरा गाँव के सामने रोती रही. वापस कभी ऐसा मत करना."

हे सांगताना 'उसका' म्हणाला तेव्हा त्याने बोट स्वतःच्याच छातीला लावलं होतं.