एका माइकवरचे दोघे

"सुमेधला काढा. अस्लमला एकट्यालाच घेऊ," म्युझिक कंपनीचा मॅनेजर म्हणाला. सुमेध काचेपलीकडे हेडफोन लावून उभा होता, त्यामुळे त्याला काही कळलं नाही. अस्लम मात्र माझ्या शेजारीच बसला होता.

"मग मीपण नाही," तो म्हणाला.

मी साउंड इंजिनिअर. शनिवार पेठेत माझा स्टुडिओ आहे. भावगीतांपासून पोवाड्यांपर्यंत सगळं रेकॉर्ड केलंय, त्यामुळे रॅपला घाबरायचं कारण नव्हतं. कसबा पेठेतला अस्लम आणि लोणी काळभोरचा सुमेध कॉलेजात असल्यापासून माझ्याकडे येतात. दोघं अंडरग्राउंड रॅपर, म्हणजे पाठीशी कंपनी नाही, जाहिरात नाही. गाणं आपणच करायचं आणि पोरांनी ते एकमेकांना पाठवायचं. सुरुवातीला नेटवरून उतरवलेल्या परदेशी बीटवर, म्हणजे आयत्या तालावर, हिंदीतून नुसत्या शिव्या असायच्या. मी म्हटलं, "अरे, घरी ज्या भाषेत भांडता, तिच्यात लिहा की." मग मराठी आली. वेग उतरला, शब्द कळायला लागले. सुमेध बीटही स्वतः बनवू लागला. आता पहिल्यांदाच एक कंपनी दारात आली होती, आणि तिला जोडी नको होती.

"ऐका ना मॅडम, प्रत्येक ओळीच्या शेवटी याचा दम संपतो," मॅनेजरने सुमेधचा ट्रॅक एकटा वाजवला. ट्रॅक म्हणजे एकेकाचा स्वतंत्र नोंदवलेला आवाज, हवा तसा कमीजास्त करता येणारा. कंपनीला रेकॉर्डिंग तसंच हवं होतं. मॅनेजर खोटं बोलत नव्हता. ओळ शेवटी खरंच पडत होती.

मी अस्लमला विचारलं, "कार्यक्रमात कसं करता?"

"तिथे एकच माइक असतो. याचा दम सरत आला की शेवटचे शब्द मी उचलतो. माझे तो."

पोवाड्यात शाहिराची ओळ मागे साथीला उभे असलेले झीलकरी उचलतात, तसंच हे.

"मग आज का नाही उचललेत?"

"वेगवेगळं करायचं होतं ना. म्हटलं, प्रोफेशनल लोक आपापली ओळ पुरी करत असतील."

मी कपाळाला हात लावला आणि सुमेधला बाहेर बोलावलं.

"बाद हाय का मॅडम माझा टेक?"

"तू नाही, पद्धत बाद आहे. दोघं एका माइकपुढे उभे राहा."

मॅनेजर अस्वस्थ झाला. "दोन आवाज एका ट्रॅकवर? नंतर वेगळे कसे करणार?"

"नाही करणार."

"एकाचा आवाज कमी करायचा झाला तर?"

"त्याला एक पाऊल मागे उभं करीन."

यात जोखीम होती. एक चुकला की दोघांनी पुन्हा पहिल्यापासून म्हणायचं. पहिल्यांदा त्यांची डोकी आपटली. नंतर अस्लम घाईने आधीच घुसला. मग मात्र जमलं. सुमेधचा आवाज उतरायला लागला आणि अस्लमने ओळ अलगद उचलली, तीही अशी की सांधा सापडू नये. माझ्या अंगावर काटा आला. क्लायंटसमोर मी हे सहसा दाखवत नाही.

मॅनेजरने रेकॉर्डिंग पुन्हा लावायला सांगितलं. ऐकून झाल्यावर म्हणाला, "कॉन्ट्रॅक्ट दोघांच्या नावाने करू. पण सुमेधचा दम कमी पडत होता, ती जागा गेली कुठे?"

"आहे तिथेच आहे. तिथे आता अस्लम आहे."

तेव्हापासून माझा नियम आहे: जोडीचं काम एकेकट्याला उभं करून तपासायचं नाही. लग्नं जुळवणाऱ्यांनाही हे सांगावंसं वाटतं, पण तो माझा धंदा नाही.