लगोरीचा अर्धा खेळ

खेळाचे मास्तर म्हणून निवृत्त झालेले महिपत गोताड वेळणेश्वराहून थेट फ्रान्सला गेले, पारंपरिक खेळांच्या जत्रेत लगोरी शिकवायला. सामानात कपडे कमी आणि जांभ्याच्या सात ठिकऱ्या जास्त.

तिकडची माणसं फारच गुणी. चेंडू पाठीला नुसता चाटून गेला तरी हात वर करून आपणहून बाद होत. डाव सुरू होतो न होतो तोच संपे. मास्तरांना कळेना, हा खेळ आहे की शोकसभा? शेवटी त्यांनी दुभाषी पोरीला बोलावलं. "बाय, ह्यांना सांग, चेंडू लागला तरी लागलाच नाही म्हणायचं. वर आईची शपथ घ्यायची. अर्धा खेळ भांडणातच असतो!"

शिकली बिचारी माणसं. निरोपाच्या दिवशी पांढऱ्या केसांचे दोन आजोबा एकमेकांची कॉलर धरून उभे होते, आणि मास्तरांचा ऊर भरून आला.

गावी सत्कार झाला. सरपंच म्हणाले, "आता इथेही एक डाव होऊन जाऊ दे!" पण खेळणार कुठे? मैदान कुणाचं, यावरून वरची वाडी आणि खालची वाडी कित्येक वर्षं कोर्टात भांडताहेत.

मास्तरांनी ठिकऱ्या पुन्हा पिशवीत भरल्या. "असू दे," ते म्हणाले, "अर्धा खेळ तरी गावाने जपलाय."