एकुलत्या मुलांची गळालेली नावं

संग्राम भोयर मूळचा नागपूरचा. इथे अमेरिकेत हर्नडनला काँट्रॅक्टवर नोकरी करायचा आणि आमच्या मराठी शाळेची वेबसाइट हौसेनं सांभाळायचा. बोलायचा कमी. मीही कमीच बोलतो, तरी मला त्याचा भरवसा वाटत नसे.

२००५ च्या ऑगस्टमध्ये शाळेच्या प्रवेशाची यादी साइटवर लागली. माझी नात सई तीत नव्हती.

"बाबा, फॉर्म मी स्वतः भरलाय," मुलगी म्हणाली.

यादी पुन्हा पाहिली. सगळी घरं दोन मुलांची, सईसारखं एकुलतं मूल एकही नाही. समितीतल्या साऱ्यांना दोन-दोन मुलं! मी अध्यक्ष दिगंबररावांना फोन करून संग्रामबद्दल, कधी नव्हे ते, भडाभडा बोललो.

"रविवारच्या मीटिंगमध्ये साइट काढूनच घेऊ त्याच्याकडून," ते म्हणाले.

मग मलाच चैन पडेना. शनिवारी संग्रामच्या घरी गेलो.

"काका, मी कशाला कुणाचं नाव उडवू? मागच्या वर्षी हाच फॉर्म चालला ना?"

"म्हणूनच विचारतोय."

तासाभरानं त्यानं कपाळावर हात मारला. साइट पीएचपी नावाच्या भाषेत लिहिलेली. सर्व्हरवाल्यांनी महिन्यापूर्वी तिची नवी आवृत्ती बसवली होती. याद्या जोडायचं तिच्यातलं तयार फंक्शन पूर्वी यादीला सुटं नावही जोडून घेई. आता दोन्हीकडे यादीच मागे, नाहीतर हाती काहीच देत नसे. दोन मुलांची यादी होई, एकाचं नुसतं नाव. आईवडिलांच्या नावांना ते जोडताना अख्खं घरच गळे.

"सोपंय यार... सॉरी, काका. नाव एकच असलं तरी आधी त्याची यादी करायची, मग जोडायची. जुन्यातही चालेल, नव्यातही."

उत्तर मला जरा जास्तच सोयीचं वाटलं. "माझ्यासमोर करून दाखव."

त्यानं फॉर्मात एका मुलाचं खोटं घर भरलं. नाव आलं. मी दुरुस्ती काढायला लावली, नाव गेलं. तीनदा करायला लावलं. मग त्यानं मेलमध्ये आलेल्या फॉर्मांवरून अकरा मुलं यादीत घातली. सईसुद्धा.

रविवारी मी उभा राहिलो. "संशय माझा होता. तो चुकीचा होता."

"अरुणराव, गुंडाळलं नाही ना त्यानं तुम्हाला?" दिगंबरराव हसले.

"डोळ्यांनी पाहिलंय मी."

साइट संग्रामकडेच राहिली. पण तेव्हापासून प्रत्येक यादी लावण्याआधी तो ती मला पाठवतो. 'काका, बघून घ्या,' एवढंच लिहितो. मी मागितलेली नसते. आणि सांगायला लाज वाटते, मी ती नाव न नाव तपासतो.